कोड फुटले, तोंड आले : रोगांच्या नावांचा एक इतिहास

मराठी माणसाच्या कातडीवर काहीही उठो, त्याचे नाव विचारायला त्याला वैद्याकडे जावे लागत नाही. उन्हाळ्यात घामोळे, पावसाळ्यात शेताच्या चिखलात राबून पायांच्या बोटांत चिखल्या, पित्त खवळले की गांधी, मांडीला गजकर्ण, मानेवर शिबे, गालावर वांग, तळपायाला कुरूप, तळहाताला घट्टा, कमरेला वेढा घालणारी नागीण. शिवाय पुरळ, पुटकुळी, केसतूड, गळू, खरूज, नायटा, इसब, चामखीळ आणि तीळ आहेतच. ही यादी मी कोशातून काढलेली नाही. पिंप्राळ्याच्या कोणत्याही आळीतील आजीबाईंना विचारले तर त्या ती याहून लांब करून देतील आणि प्रत्येकावर एकेक औषधही सांगतील.

आता हाच माणूस आरशापुढे उभा राहून आ करतो. गालाच्या आतल्या बाजूस कोठे पांढरे दिसते, कोठे लाल, कोठे सोलवटल्यासारखे, कोठे ताठर. ह्या सगळ्यासाठी त्याच्यापाशी शब्द किती आहेत? दोनच : ‘तोंड आले.’ उष्णतेने आलेले फोड, जीवनसत्त्वाच्या अभावी लाल झालेली जीभ, मोडक्या दाढेने घासून पडलेली जखम आणि काही वर्षांनी प्राणावर बेतू शकणारा पांढरा चट्टा, ह्या सर्वांना आपण एकाच नावाने हाक मारतो. कातडीच्या बाबतीत आपली भाषा सावकार आहे, तोंडाच्या बाबतीत कर्जदार.

शब्दांच्या ह्या श्रीमंतीचा आणि ह्या दारिद्र्याचा रोग्यांवर काय परिणाम झाला, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे. कातडीच्या एका निरुपद्रवी विकाराच्या गळ्यात आपण एक भयंकर नाव बांधले, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या निरोगी माणसे वाळीत पडली. तोंडाच्या एका भयंकर विकाराला आपण नावच दिले नाही, त्यामुळे आजारी माणसे वेळेवर वैद्यापर्यंत पोहोचली नाहीत. दोन्ही गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत चालू आहेत, म्हणून हा केवळ शब्दांचा खेळ समजू नये.

प्रथम जुन्या ग्रंथांकडे वळू. आपल्या पूर्वजांना तोंडातले कळत नव्हते असे कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. सुश्रुतसंहितेत मुखरोग पासष्ट सांगितले आहेत. त्यांची वाटणीही काटेकोर आहे : ओठांचे आठ, हिरड्यांचे पंधरा, दातांचे आठ, जिभेचे पाच, टाळूचे नऊ, घशाचे सतरा आणि सबंध तोंडभर पसरणारे तीन. त्याच ग्रंथात कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत, सात मोठे व अकरा लहान. आणि किरकोळ समजल्या गेलेल्या क्षुद्ररोगांची संख्या चव्वेचाळीस असून त्यांत बरेचसे त्वचेचे आहेत. म्हणजे ग्रंथकारांनी आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कातडीकडे सारखेच बारकाईने पाहिले होते.

परंतु ग्रंथातून लोकांच्या ओठांवर काय उतरले ते पाहा. व्यंगाचे वांग झाले, मशकाचा मस झाला, तिलकालकाचा तीळ झाला. कुष्ठ शब्द प्राकृतातून झिजत झिजत येऊन मराठीत कोड झाला. त्वचेवरची नावे अशी धडाधड खाली आली. तोंडातल्या पासष्टांपैकी मात्र बायाबापड्यांच्या बोलण्यात जवळजवळ एकही टिकला नाही. याचे कारण मला साधे वाटते. कातडी चार लोकांना दिसते. शेजारीण पाहते, सोयरा पाहतो, पाणवठ्यावर तिची चर्चा होते, आणि ज्याची चर्चा होते त्याला नाव पडते. तोंडाचे आतले अस्तर पाहण्याचा प्रसंग वैद्यावाचून कोणाला येत नाही. म्हणून त्याची नावे वैद्यांच्या पोथीतच राहिली आणि पोथी मागे पडली तेव्हा तीही मागे पडली.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. तोंड आखडण्याच्या ज्या विकाराकडे आपण पुढे वळणार आहोत, त्यावर लिहिणारे कित्येक डॉक्टर आरंभी सुश्रुताच्या ‘विदारी’चा दाखला देतात आणि हा रोग प्राचीनांना ठाऊक होता असे सांगतात. सुश्रुताची विदारी ही घशातील रोगांच्या गणनेतली. दाह, सूज आणि मांस कुजून पडणे ही तिची लक्षणे. आपल्या विकारात कुजणे नाही, उलट सुकून ताठरणे आहे. पूर्वजांचा गौरव करायला आपल्याजवळ पुष्कळ खरी साधने असताना अशी ओढाताण का करावी हे मला समजत नाही.

असो. आता कोडाची हकीकत. कुष्ठ हा शब्द प्राचीन ग्रंथांत फार विस्तृत अर्थाने येतो. त्यात आजचा कुष्ठरोग आहे, आजचे गजकर्ण आहे आणि खाज-खपल्यांचे कितीतरी प्रकार आहेत. त्यांतच श्वित्र किंवा किलास, म्हणजे कातडीचा रंग जाऊन पांढरे डाग पडणे, हेही येते. पण सुश्रुताने एक भेद स्पष्ट केलेला आहे : किलास हे केवळ त्वचेपुरते असते आणि त्यातून स्राव होत नाही. बाकीची कुष्ठे आत शिरतात, झिजवतात. हे वरच्या वर राहते. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा भेद आजच्या विज्ञानाच्या कसोटीलाही उतरतो.

लोकभाषेने नेमका हाच भेद पुसून टाकला. हिंदीत कुष्ठाचा ‘कोढ’ झाला आणि तो महारोगाला चिकटला. मराठीत त्याचाच सख्खा भाऊ ‘कोड’ पांढऱ्या डागांकडे गेला. खानदेशची तर दोन्ही भाषांशी रोजची ऊठबस. बऱ्हाणपूर आपल्याला जळगावइतकेच जवळचे. तापीच्या वरच्या अंगाला ज्या शब्दाचा अर्थ हातपाय झडवणारा रोग, त्याच शब्दाचा खालच्या अंगाला अर्थ निव्वळ रंग गेलेली कातडी. मग सोयरिकीच्या बैठकीत ‘घरात कोड तर नाही ना?’ असा प्रश्न आला की दोन्ही भीती एकत्र उभ्या राहतात यात नवल ते काय? आणि महारोगाला आपण रक्तपिती म्हणू लागलो, तोही घोटाळाच. ग्रंथातले रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून रक्त पडणे. त्याचा महारोगाशी काही संबंध नाही.

हा दोष एकट्या मराठीचा नाही, हेही सांगितले पाहिजे. यहुद्यांच्या धर्मग्रंथात अंगावरील डागांना, कपड्यांवरील आणि भिंतींवरील बुरशीलाही मिळून एक शब्द होता. त्याचे ग्रीक भाषांतर करताना ‘लेप्रा’ हा खपल्यांच्या विकाराचा शब्द वापरला गेला. पुढे अकराव्या शतकात अरबी वैद्यक लॅटिनमध्ये आणताना खऱ्या महारोगालाही हेच नाव मिळाले. झाले! धर्मग्रंथातली अशुद्धी, खपल्या आणि महारोग ही तिन्ही एका शब्दाच्या दावणीला बांधली गेली, आणि युरोपात शतकानुशतके पांढऱ्या डागांच्या माणसांनाही गावकुसाबाहेर राहावे लागले. नाव एक झाले की माणसे रोगही एकच समजतात.

हे दोन रोग शास्त्राने वेगळे काढले ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. हेन्री व्हँडाइक कार्टर हे नाव शरीररचनेच्या विद्यार्थ्यांना निराळ्या कारणाने माहीत असते : ग्रे यांच्या १८५८ च्या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे त्याची. त्याच वर्षी तो मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन झाला आणि महारोग्यांच्या अभ्यासात गढून गेला. नॉर्वेत हॅन्सन याने १८७३ साली ह्या रोगाचा जंतू दाखविला. कार्टर स्वतः नॉर्वेत जाऊन ते काम पाहून आला. तोपर्यंत महारोग हा रक्तदोष, कुलदोष किंवा पापाचे फळ मानला जाई. त्याच सुमारास मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड आपल्या दवाखान्यात महारोग्यांना कडू कवठीच्या बियांचे तेल देत होते. औषधाचे नाव त्यांनी बरीच वर्षे गुप्त ठेवले याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. १८७४ साली ते वारले. त्या जातीच्या बियांचे तेल पुढे सत्तर वर्षे महारोगावरचे मुख्य औषध म्हणून जगभर वापरात राहिले. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधे आली आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचविला, तेव्हा हा रोग खऱ्या अर्थाने बरा होण्याजोगा ठरला.

आणि पांढऱ्या कोडाचे काय? तेथे जंतूच नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात, आणि बहुधा शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच त्यांच्यावर उलटते, एवढाच तो मामला. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर निजल्याने तो लागत नाही. जगात शंभरांत अर्धा ते दोन माणसांना तो असतो. त्यावरचे आपले जुने औषध म्हणजे बावची, आणि बावची लावून उन्हात बसायचे. विसाव्या शतकाच्या मध्याला इजिप्तमध्ये एका निराळ्या वनस्पतीतून त्याच कुळातले द्रव्य काढून त्यावर शास्त्रीय उपचार उभा राहिला, आणि त्यातही औषध घेऊन प्रकाशात बसावेच लागते. आपल्या आजीबाईंचा उपचार योग्य वाटेवर होता. चुकले ते नाव.

नावाने कायद्यातही घर केले होते. १८९८ च्या कायद्याने महारोग्यांना अडकवून ठेवण्याची सोय केली; तो कायदा २०१६ साली रद्द झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात महारोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते २०१९ साली काढून टाकण्यात आले, म्हणजे रोग औषधाने बरा होऊ लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी! पांढऱ्या कोडाचे नाव कोणत्याच कलमात नव्हते. त्याला कलमाची गरज पडली नाही. सोयरिकीच्या बैठकीत त्याचा निकाल आधीच लागत असे.

महारोगाच्या बाबतीत भाषेने एक चांगले कामही केले, आणि पुढच्या भागासाठी ते लक्षात ठेवावे अशी माझी विनंती आहे. शासनाने ‘महारोग’ टाकून ‘कुष्ठरोग’ हा शब्द घेतला. पण खेड्यांत तपासणीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याहून उपयोगी शब्द वापरले : ‘फिकट, लालसर, बधिर चट्टा’. न खाजणारा, न दुखणारा, टाचणी टोचली तरी न कळणारा. ह्या चार साध्या शब्दांनी निदानाची किल्ली डॉक्टरच्या खिशातून काढून शेतमजुराच्या हाती दिली. कोडाचा डाग बधिर नसतो. तेथे टाचणी टोचली की कळते. सुश्रुताचा पुसला गेलेला भेद अशा रीतीने पुन्हा लोकांना मिळाला. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी राहिले. नवे रोगी अजून सापडतात. पण ते लवकर सापडतात, याचे थोडे श्रेय त्या ‘बधिर’ शब्दाला आहे असे मी मानतो.

मधल्या काळात मराठीतून वैद्यक शिकविण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला होता. १८६१ पासून ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीचा वर्ग चालला, त्यासाठी ग्रंथ तयार झाले. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखी माणसे शास्त्र मराठीत आणायला झटली. ती परंपरा टिकली असती तर तोंडाच्या अस्तराला बाजारात चालेल असे एखादे नाव कदाचित मिळाले असते. इंग्रजीने तो वर्ग गिळला. १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले आणि पुढे निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश आले. त्यांतून ‘श्लेष्मल त्वचा’ मिळाली, ‘अपुष्टी’ मिळाली, ‘तंतुमयता’ मिळाली. शब्द शुद्ध आहेत, अभ्यासकांना उपयोगी आहेत. परंतु ‘माझी श्लेष्मल त्वचा बिघडली’ असे सांगत पिंप्राळ्याहून कोणी दवाखान्यात गेल्याचे मी ऐकलेले नाही.

आपण समजतो की इंग्रजी वैद्यकातले शब्द मोठे शास्त्रीय आहेत. त्यांचे बुरखे काढले तर आत आपल्या आजीबाईंसारखीच कोणी म्हातारी बसलेली दिसते. कॅन्सर म्हणजे खेकडा. त्याचेच आपण कर्करोग केले. ल्यूपस म्हणजे लांडगा. गालाच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी पडते त्या विकाराला १८६९ साली इरॅस्मस विल्सन याने लायकेन प्लेनस म्हटले. लायकेन म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल. आणि ल्यूकोप्लाकिया हा भारदस्त शब्द बुडापेस्टच्या श्विमर याने १८७७ मध्ये घडविला. त्याचा अर्थ इतकाच की पांढरा सपाट चट्टा. पुढे शास्त्रज्ञांनी त्याची जी व्याख्या ठरविली तीही गमतीची आहे : जो पांढरा चट्टा दुसरा कोणताच रोग म्हणून ओळखता येत नाही, तो ल्यूकोप्लाकिया. म्हणजे इतर सर्व नावे नाकारल्यावर उरते ते हे नाव. तरीही ते असल्यामुळे डॉक्टर थबकतो, तुकडा काढून तपासायला पाठवतो. लाल चट्टा तर पांढऱ्याहून अधिक धोक्याचा.

आता आपण मुंबईला परळ भागात जाऊ. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले आणि तेथे विकृतिशास्त्राचे काम डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आले. १९४४ मध्ये त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. युरोप-अमेरिकेत तोंडाचा कर्करोग हा तुलनेने विरळा. येथे हजार रोगी उभे राहायला तीन-चार वर्षे पुरली! दुसऱ्याच वर्षी सूर्याबाई ह्या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी चालीरीतींमुळे होणाऱ्या कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले. त्यांतला एक कमरेच्या कातडीचा. धोतर जेथे घट्ट आवळले जाते तेथे वर्षानुवर्षे घासून कातडी काळवंडते, जाड होते, खपल्या धरते आणि क्वचित तेथे कर्करोग उठतो. इंग्रजी वैद्यकात त्याला ‘धोती कॅन्सर’ म्हणतात. म्हणजे आपल्या वस्त्राचे नाव जागतिक ग्रंथांत गेले, पण ज्याच्या कमरेला तो झाला त्या शेतकऱ्याला तो कमरेवरचा साधा घट्टाच वाटत राहिला.

त्यानंतर आला तो विकार, ज्याच्यासाठी हा सारा प्रपंच मी मांडला. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टराने पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच हिंदी स्त्रियांच्या तोंडांचे वर्णन केले : अस्तर पांढरट, ताठर, तोंड पुरते उघडत नाही. त्याने लांबलचक लॅटिन नाव दिले. त्याचा सरळ अर्थ ‘तोंडाच्या अस्तराची, कारण न कळलेली क्षीणता’. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानी यांचा हाच विकार वर्णिला आणि ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव वापरले. अस्तराखाली तंतू माजतात असा त्याचा अर्थ. जगाने पुढे हेच नाव उचलले. एका मराठी आडनावाच्या डॉक्टराने मुंबईत दिलेले नाव आज जगभरच्या ग्रंथांत आहे, आणि ज्यांच्या तोंडात तो रोग आहे त्या मराठी माणसांना मात्र त्यासाठी आपला शब्द नाही.

कारणाचा शोध हा ह्या इतिहासातला सर्वांत बोधप्रद भाग. रोग्यांची पहिली तक्रार कोणती? तिखट झोंबते. भाकरीबरोबर ठेचा खाणारा माणूस एक दिवस फोडणीचे वरणदेखील सहन करू शकत नाही. साहजिकच संशय मिरचीवर गेला. डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. खानोलकर यांनी १९६० मध्ये उंदरांच्या टाळूला मिरचीतले तिखट द्रव्य लावून पाहिले आणि तंतू वाढल्यासारखे त्यांना आढळले. तेव्हा मिरचीच गुन्हेगार ठरते की काय असे वाटू लागले. आपल्या खानदेशात हा सिद्धांत पक्का झाला असता तर घराघरातला खलबत्ता जप्त करावा लागला असता! परंतु मिरची खाणारे देश जगात पुष्कळ आहेत आणि तेथे हा रोग नाही. हळूहळू बोट दुसरीकडे वळले. गुजरातेत, केरळात, पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी वस्तीत, तैवानात, जेथे जेथे हा रोग तेथे तेथे एकच वस्तू समान निघाली : सुपारी. तिच्यातील अर्क तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवतो, तिच्यातील तांबे त्या तंतूंना घट्ट विणते, असे पुढे दिसून आले. तिखट झोंबणे हे रोगाचे लक्षण होते. ते कारण समजले गेले.

सुपारीवर संशय यायला एवढा वेळ का लागला, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही. ती गणपतीच्या जागी पाटावर मांडली जाते. लग्न ठरते तेव्हा सुपारी फुटते. कार्यक्रमाचा शेवट पानसुपारीने होतो, आणि पाहुण्यापुढे तबक न ठेवणे हा अपमान. जिच्याशिवाय पूजा होत नाही ती वस्तू तोंडात विष कालवील हे मनाला पटत नाही. शिवाय जेवणानंतर एक खांड चघळणारे आपले वडील-आजोबा आणि दिवसातून पंधरा-वीस पुड्या गालात धरून ठेवणारा आजचा तरुण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सुपारी तीच, पण तिचा मुक्काम बदलला.

हा रोग किती धोक्याचा याची जाणीव लवकर झाली होती. टाटा रुग्णालयाचे डॉ. पेमास्टर यांनी १९५६ मध्येच अशा तोंडांतून पुढे कर्करोग उद्भवतो असे नोंदविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी खेडोपाडी जाऊन तोंडे तपासण्याचा विलक्षण उद्योग आरंभिला. १९७२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एकट्या पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडूत आहेत. एक लाखाहून अधिक माणसांना ‘आ करा’ म्हणणे ही गोष्ट वाचायला सोपी, करायला नाही. घुंगट आड आलेल्या स्त्रिया, मिसरीने काळे झालेले दात, आणि दुखत नसताना तोंड कशाला दाखवायचे हा रास्त प्रश्न. केरळात ह्याच गटाने तोंड आखडलेल्या रोग्यांचा सतरा वर्षे पाठपुरावा केला. शंभरांत सात-आठ जणांना कर्करोग झाला. आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, छत्तीस हजार तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना समजावून, चित्रपट दाखवून, घरी जाऊन सांगितल्यावर पुष्कळांनी सवय सोडली किंवा कमी केली आणि पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटले, असे दिसले. निव्वळ बोलण्याने रोग घटल्याचा हा पुरावा व्याख्यानमालेत सांगायला मला विशेष आनंद होतो.

दुर्दैवाने तोवर पुडी आली होती. १९७० नंतर सुपारी, कात, चुना, तंबाखू आणि सुवास यांची कोरडी, टिकाऊ, स्वस्त पुडी बाजारात उतरली. पान कुजते म्हणून पानाला मर्यादा होती. पुडीला ती राहिली नाही. पन्नाशीत दिसणारा रोग विशीत दिसू लागला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूच्या विड्याला आणि २००४ मध्ये तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ च्या जुलैत अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याखाली पुन्हा घातली. तेव्हापासून सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळते, आणि गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर एक करतो. त्याला काय म्हणावे?

तर आता नावाचा प्रश्न. ‘अधःश्लेष्मल तंतुमयता’ असे अक्षरशः भाषांतर करता येईल, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते शोभेलही. पण पानटपरीवर उभ्या असलेल्या मुलाला ते सांगून काय उपयोग? लोक स्वतःच काहीतरी म्हणू लागले आहेत : ‘तोंड आखडले’, ‘तोंड बंद झाले’. मला ‘तोंड आखडणे’ हा शब्द सर्वांत चांगला वाटतो. पाय आखडतो, मान आखडते, हे सर्वांना ठाऊक आहे. तेच तोंडाला होते, आणि बाहेरून सूज नसताना, दाढ न दुखता होते, एवढे कळले की पुरे. ‘तोंड आले’ आणि ‘तोंड आखडले’ हा फरक एकदा जिभेवर बसला की अक्कलदाढ येत असेल, उष्णता झाली असेल, गुलकंद खाऊ या, असे म्हणण्यात जी दोन-तीन वर्षे जातात ती वाचतील. एकदा माजलेले तंतू पुरते विरघळवणारे औषध अजून नाही. सुपारी थांबविली, तोंडाचे व्यायाम केले, सुया टोचल्या, फारच झाले तर शस्त्रक्रिया केली, तर थोडेफार उघडते. म्हणून जितके लवकर तितके बरे. यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून आहे.

आणि ओळखायचे कसे? चट्ट्यासाठी आरसा आणि उजेड लागतो : गालाची आतली बाजू, ओठाची आतली बाजू, जिभेची कड आणि जिभेखाली, पांढरे, लाल किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारे काही दिसले तर दाखवावे. आखडण्यासाठी काहीच लागत नाही. उजव्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहायची. तिन्ही गेली तर ठीक. दोनच गेली तर डॉक्टरकडे जायचे, दुखत नसले तरी. मुलाची परीक्षा करताना त्याच्या तोंडाला त्याचीच बोटे लावायची, बापाची नव्हेत.